कुंडीतली जास्वंद, अंगणातली कॅमेलिया

इंग्लंडमधल्या मराठी घरात हिवाळ्यात गेलात, तर दिवाणखान्याच्या खिडकीत एक कुंडी बहुतेक वेळा दिसतेच. कुंडीत जास्वंद. खाली बशी, शेजारी तापलेला रेडिएटर, अर्धी पानं पिवळी होऊन गळलेली आणि उरलेल्या पानांच्या मागे लाल कोळ्यांची बारीक जाळी. घरातलं कुणीतरी रोज तिच्यावर पाणी फवारतं, दुपारी तासभर ऊन येतं त्या खिडकीत तिला हलवतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतं, "मार्चपर्यंत तगली तर वाचेल." बऱ्याचदा ती तगत नाही. मग मे महिन्यात गार्डन सेंटरमधून नवी जास्वंद येते आणि पुढच्या हिवाळ्यात तेच सगळं पुन्हा होतं.

यामागची माया मला कळते. गणपतीला लाल फूल हवं, आणि लाल फूल म्हणजे जास्वंद, हे आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. पण तापमान दहा अंशांच्या खाली गेलं की कुढायला लागणारं हे झाड. डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडणाऱ्या देशात त्याला खिडकीत बसवून आपण नक्की कुणाचे लाड करतो? झाडाचे तर नाहीच. म्हणून आज जरा स्पष्ट लिहायचं ठरवलं आहे. माझं म्हणणं एवढंच, की ज्यांच्याकडे इथे हातभर जरी माती असेल, त्यांनी त्या मातीत लाल कॅमेलिया लावावी, तिचं फूल निःशंक मनाने देवाला वाहावं, आणि जास्वंदीला तिच्या उबदार देशात सुखाने राहू द्यावं.

ज्यांनी ही कॅमेलिया पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. आपण रोज सकाळी जो चहा पितो, त्याच्या झुडपाचं शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. बागेतली कॅमेलिया जपोनिका ही त्याच घराण्यातली, चहाची बहीणच म्हणा. तिचं मूळ घर जपान, कोरिया आणि चीनचा काही भाग. पानं जाड, गडद हिरवी आणि तेल लावल्यासारखी चकचकीत. ती बारा महिने झाडावर असतात. सगळी बाग खराट्यासारखी उघडी पडलेली असते, तेव्हा हे एक झुडूप हिरवंगार उभं असतं आणि फेब्रुवारी ते एप्रिल या काळात फुलतं. पांढऱ्या, गुलाबी, पट्ट्यापट्ट्यांच्या अशा हजारो जाती आहेत. पण लाल फूल, मधोमध पिवळ्या केसरांचा झुपका, आणि आजूबाजूला कदाचित बर्फाचा पातळ थर, हे दृश्य पाहिलं की आपल्याकडच्या माणसाचा हात आपोआप परडीकडे जातो.

आमच्याकडे रेडिंगला मागच्या दाराजवळ, पश्चिमेकडे तोंड करून असलेल्या भिंतीला लागून अशी एक कॅमेलिया आहे. जात 'अडॉल्फ ऑडसन'. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात तयार झालेली ही जुनी, खात्रीची लाल जात. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये लावली तेव्हा ती गुडघ्याएवढी होती, आता माझ्या खांद्याच्या वर गेली आहे. माघी गणेश जयंतीला थंडी कमी असेल तर दोन-चार फुलं मिळतात, महाशिवरात्रीपर्यंत ओंजळभर, आणि गुढीपाडव्याला तर शेजाऱ्यांना वाटण्याइतकी. तिला ना हीटर लागतो ना खिडकी. जानेवारीत उणे पाच-सहा झालं तरी पानं जरा मान टाकतात आणि दुपारपर्यंत पुन्हा ताठ होतात.

हे मी आमच्या मराठी मंडळातल्या लोकांना उत्साहाने सांगते, तेव्हा दोन आक्षेप येतात. दोन्ही महत्त्वाचे आहेत, म्हणून दोन्हींचं उत्तर देते.

पहिला आक्षेप: हे फूल देवाला चालतं का?

माझ्या सासूबाई सांगलीहून आल्या होत्या तेव्हा त्यांनीही हेच विचारलं. फूल हातात घेऊन बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "देखणं आहे गं, पण ओळखीचं नाही." मला वाटतं, खरी अडचण इतकीच असते. शास्त्र नंतर येतं, आधी ओळख लागते. त्यांनी सांगलीच्या गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी विचारलं, लाल आहे का? ताजं आहे का? स्वतःच्या दारातलं आहे का? मग वाहा की! त्या दिवसापासून सासूबाई परत जाईपर्यंत रोज सकाळी शाल गुंडाळून स्वतः फूल काढायला जायच्या.

पण गुरुजींचा हवाला बाजूला ठेवला, तरी थोडा विचार करून बघा. दसऱ्याला आपण दाराला, गाडीला, अवजारांना ज्या झेंडूच्या माळा घालतो, तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. पोर्तुगीज लोकांचं येणं-जाणं सुरू झालं त्या काळात तो आपल्याकडे पोहोचला. निशिगंधही मेक्सिकोचाच. देवळाच्या आवारात दिसणारा पांढरा चाफा मध्य अमेरिकेतून आलेला. संकष्टीच्या ताटातली साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा तिकडचाच, बटाटा तिकडचा आणि मिरचीही अमेरिकेचीच. म्हणजे उपवासाचं अख्खं ताट समुद्र ओलांडून आलेलं आहे, आणि ते खाऊन आपला उपवास मोडत नाही. एवढंच कशाला, जास्वंदीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस, म्हणजे शब्दशः 'चीनचा गुलाब'.

आपल्या आज्या-पणज्यांनी ही सगळी परकी फुलं-फळं कधीतरी पहिल्यांदा पाहिली असतील. तेव्हाही कुणीतरी म्हटलं असेल, ओळखीचं नाही. पण जे त्या मातीत चांगलं रुजलं, ज्या दिवसांत हवं त्या दिवसांत फुललं, ते त्यांनी देवापुढे ठेवलं. इंग्लंडच्या मातीत आपण नेमकं तेच करायचं आहे. परंपरा पाळायची असेल तर त्यांच्या या सवयीचीही पाळू या.

एक गोष्ट मात्र आपल्या रीतीप्रमाणेच सांभाळावी. कॅमेलियाच्या बऱ्याच जातींचं फूल पाकळी-पाकळी न गळता अख्खंच्या अख्खं खाली पडतं. जपानमध्ये म्हणूनच आजारी माणसाला भेटायला जाताना हे फूल नेत नाहीत, त्यांना ते अशुभ वाटतं. आपल्याकडे जमिनीवर पडलेल्या फुलांत मान फक्त प्राजक्ताला. तेव्हा कॅमेलियाचं फूल झाडावरूनच काढावं. आदल्या दिवशी अर्धवट उमललेलं निवडलं, तर देव्हाऱ्यात दोन-तीन दिवस छान राहतं.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: आपण इथे कायमचे थोडेच आहोत?

यजमानांचे एक मित्र आहेत. मी झाडाचा विषय काढला की म्हणतात, "वहिनी, दोन-तीन वर्षांत परत जायचंय, झाडं कुठे लावता?" हे ते २००९ पासून म्हणत आहेत. मधल्या काळात त्यांनी घर घेतलं, मुलगा युनिव्हर्सिटीत गेला, दोघांचे पासपोर्ट बदलले. मागच्या अंगणात अजून फरश्याच आहेत, कडेला पावसात भिजणारं बार्बेक्यू आणि एक मोडकी सायकल. असं एकच घर असतं तर मी लिहिलं नसतं. अशी किती तरी घरं मला माहीत आहेत. आत देव्हारा सुरेख, स्वयंपाकघरात मिसळण्याचा डबा, भिंतीवर वारली चित्रं, आणि बाहेर एकही झाड नाही. आयुष्याची वीस वर्षं जिथे गेली, तिथल्या मातीत या लोकांनी एक खड्डाही खणलेला नसतो.

सगळ्यांची परिस्थिती सारखी नसते, हे मला मान्य आहे. कुणाचा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो, कुणी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतं, कुणाला गावाकडे म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी खरोखरच परत जायचं असतं. परत जाण्याची इच्छा बाळगणं यात काहीच गैर नाही, माझ्याही मनात ती येते-जाते. माझा आक्षेप आहे तो 'जायचंच आहे ना, मग कशाला' या उत्तरावर. कारण हे उत्तर फक्त झाडापुरतं राहत नाही. शेजाऱ्यांशी ओळख कशाला, गावच्या निवडणुकीत मत द्यायला कशाला जायचं, शाळेच्या कमिटीवर कशाला, असं ते सगळीकडे पसरतं. आणि मुलं ते बघत असतात. आई-बाबा ज्या घरात राहतात, त्या घराला ते वेटिंग रूमसारखं वागवतात, हे मुलांना आपल्याआधी कळतं.

माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. दर तीन-चार वर्षांनी बदली. कोयनानगर, पंढरपूर, सांगली, अशी आमची बिऱ्हाडं फिरली. प्रत्येक क्वार्टरमध्ये सामान लागलं की दुसऱ्या आठवड्यात आई कढीपत्त्याचं रोप, जास्वंदीची फांदी आणि अळूचे कंद लावायची. जास्वंदीला फुलं येईपर्यंत आम्ही तिथे असूच याची खात्री नसायची. बदलीची ऑर्डर आली की पुढच्या बिऱ्हाडाच्या बाईला ती दाखवून यायची, इथे मोरीचं पाणी सोडलंय, उन्हाळ्यात तेवढं बंद करू नका. त्यातली किती झाडं जगली, कोण जाणे. आईने कधी चौकशी केली नाही. ते घर आपलं नाही, सरकारचं आहे, हे तिला चांगलं माहीत होतं. पण राहतो आहोत तोवर दारात फूल हवं, एवढा तिचा साधा हिशेब होता. झाड लावण्यासाठी तिने कधी कायमचा पत्ता मागितला नाही.

परदेशात आल्यावर आपण हा हिशेब का विसरतो, हे मला कळत नाही. झाड लावलं म्हणजे परतीचं तिकीट फाडलं, असं काही नसतं.

कॅमेलियाची स्वतःची गोष्टही या बाबतीत ऐकण्यासारखी आहे. तीही इथे स्थलांतरित म्हणूनच आली. १७३९ च्या सुमारास एसेक्समधल्या थॉर्नडन हॉलमध्ये लॉर्ड पीटर यांच्या बागेत इंग्लंडमधल्या पहिल्या कॅमेलिया होत्या, असं सांगतात. पूर्वेकडून आलेलं नाजूक झाड म्हणून त्यांना गरम काचघरात ठेवलं गेलं, आणि त्या अति उबेनेच त्या मेल्या. पुढे चीनशी चहाचा व्यापार करणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून आणखी रोपं येत गेली. लंडनच्या पश्चिमेला चिसिक हाऊस आहे. तिथे १८१३ मध्ये बांधलेल्या लांबलचक काचघरात कॅमेलियांचा जुना संग्रह आजही आहे. वसंताच्या तोंडावर त्या फुलतात तेव्हा लोक मुद्दाम बघायला जातात. 'मिडलमिस्ट्स रेड' ही जात तिथेच बघायला मिळते. १८०४ मध्ये मिडलमिस्ट नावाच्या नर्सरीवाल्याने ती चीनहून आणली. जगात तिची माहीत असलेली झाडं दोनच, एक इथे आणि दुसरं न्यूझीलंडमध्ये. नाव 'रेड' असलं तरी फूल गडद गुलाबी आहे, हे आधीच सांगून ठेवते.

त्या काळात कॅमेलिया म्हणजे श्रीमंतांच्या काचघरातलीच, असा पक्का समज होता. हळूहळू लोकांच्या लक्षात आलं, की हे झाड बाहेर, इंग्लंडच्या पावसात आणि गारठ्यात जास्त खूश असतं. १९२० च्या दशकात कॉर्नवॉलमधल्या केअरहेज इथे जे. सी. विल्यम्स यांनी जपोनिका आणि चीनच्या युनान प्रांतातून आलेली सालुएनेन्सिस यांचा संकर केला. त्यातून 'विल्यम्सी' नावाच्या काटक जाती निघाल्या, आणि आज त्या साध्या घरांच्या दारात दिसतात. दोनशे वर्षं जिला काचेत जपत होते, ती उघड्यावर आल्यावर खरी वाढली. खिडकीतल्या जास्वंदीकडे बघताना मला हे नेहमी आठवतं, आणि खरं सांगायचं तर आपल्यापैकी काही माणसांकडे बघतानाही.

आता लावायची कशी ते सांगते. नुसतं मत देऊन उपयोग नाही.

पहिली गोष्ट माती. चहासारखीच कॅमेलियालाही आम्लधर्मी माती लागते. सामू, म्हणजे पीएच, साधारण ५.५ ते ६.५ असावा. पाच-सात पौंडांत माती तपासायचं किट मिळतं. आमच्या मातीचा सामू सहाच्या थोडा वर निघाला, म्हणून आम्ही जमिनीतच लावली. तुमच्याकडे खडूसारखी पांढरी, चुनखडीची माती असेल तर जमिनीशी भांडत बसू नका. मोठ्या कुंडीत 'एरिकेशियस' लिहिलेलं कंपोस्ट भरून त्यात लावा. कुंडीत ती वर्षानुवर्षं छान राहते, भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनाही तोच मार्ग. फक्त कडाक्याच्या थंडीत कुंडीला गोणपाट किंवा बबल रॅप गुंडाळावं, म्हणजे मुळं गोठत नाहीत.

दुसरी गोष्ट जागा. सकाळचं ऊन थेट पडेल अशी पूर्वेची जागा टाळावी. रात्री गोठलेल्या कळ्यांवर सकाळी एकदम ऊन आलं की त्या तपकिरी होऊन वाया जातात. पश्चिमेची किंवा उत्तरेची भिंत, थोडी सावली, वाऱ्यापासून आडोसा, एवढं पुरे.

तिसरी गोष्ट खोली. खड्डा रुंद खणा, पण खोल लावू नका. कुंडीत मातीची जी पातळी होती, तीच जमिनीत ठेवायची. मुळं वरवरची असतात, म्हणून आळ्यात पालापाचोळ्याचं किंवा सालींच्या तुकड्यांचं आच्छादन घालावं, आणि खुरप्याने तिथे उगाच उकरत बसू नये. लावायला ऑक्टोबर उत्तम, नाहीतर मार्च-एप्रिल.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पाणी. पुढच्या वसंतातल्या कळ्या आधीच्या जुलै ते सप्टेंबरमध्ये तयार होतात. त्या दिवसांत झाड तहानलेलं राहिलं तर कळ्या धरतात, पण फुलायच्या आधीच गळून पडतात. लोक मला मार्चमध्ये विचारतात, की कळ्या का गळल्या? त्याचं उत्तर बहुतेक वेळा ऑगस्टमध्ये असतं, सगळे भारतात सुट्टीला गेलेले असतात तेव्हा! म्हणून जाण्याआधी शेजाऱ्याला किल्ली आणि झारी दोन्ही देऊन जा. पाणी शक्यतो पावसाचं. आमच्या भागात नळाचं पाणी इतकं जड आहे, की किटलीत पांढरा थर बसतो. तेच पाणी सतत घातलं तर कॅमेलियाची पानं शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, अशी होतात. पन्हळीच्या पाइपला एक पिंप जोडलं की काम झालं. २०२२ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये पारा पहिल्यांदा ४० अंशांच्या वर गेला आणि बऱ्याच भागांत नळीने पाणी घालायला बंदी आली, तेव्हा या पिंपानेच आमचं झाड तारलं. पिंप रिकामं झालंच तर नळाचं घाला. कोरडं ठेवण्यापेक्षा ते बरं.

छाटणी करायची तर फुलं संपल्याबरोबर, उशिरा नाही. खत वसंतात एरिकेशियस झाडांचं, तेही जुलैच्या शेवटी बंद. तपकिरी झालेली, सडकी फुलं झाडाखाली ठेवू नयेत, उचलून कचऱ्यात टाकावीत. पाकळ्यांवर करपा आणणारी एक बुरशी १९९९ पासून या देशात आहे आणि ती पडलेल्या फुलांतूनच पुढच्या वर्षी परत येते. बाकी ही मुलखाची सहनशील बाई आहे. कुत्र्या-मांजरांनाही विषारी नाही.

जाती निवडताना लेबलवर 'रेड' लिहिलंय म्हणून उचलू नका, शक्य असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललेलं झाड बघूनच घ्या. 'अडॉल्फ ऑडसन' सांगितलीच. लहान जागेसाठी घंटेसारख्या फुलांची 'फ्रीडम बेल' चांगली, भरगच्च गडद पाकळ्या हव्या असतील तर 'ब्लॅक लेस'. आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारांना लाल फूल हवं असेल, तर 'युलटाइड' बघा. ती डिसेंबरच्या आसपास फुलते. फूल साधं, एकेरी, लाल, मध्ये पिवळे केसर, आणि तिला थोडं ऊन जास्त लागतं. साधारण वीस-पंचवीस पौंडांत चांगलं रोप मिळतं. दर वर्षी मरणाऱ्या जास्वंदीचा पाच वर्षांचा खर्च काढून बघा.

कॅमेलियाचे दोषही सांगते, नाहीतर विकायला बसल्यासारखं वाटेल. लाल जपोनिकांना वास नसतो. मोगऱ्याच्या आठवणीने जो कासावीस होतो, त्याला ती समाधान देणार नाही. वाढते फार सावकाश, वर्षाला वीतभर. आणि भाद्रपदातल्या गणपतीला तिचं एकही फूल मिळत नाही. त्या दिवसांत इथल्या बागांत लाल डेलिया भरभरून असतात, त्या घ्याव्यात. डेलियाही मेक्सिकोची, झेंडूची गाववालीच. जास्वंदच हवी असा हट्ट असेल, तर हिबिस्कस सिरियाकस नावाची इथल्या थंडीत टिकणारी जास्वंद मिळते. ती ऑगस्ट-सप्टेंबरात फुलते, पण निळसर, गुलाबी किंवा पांढरी. लालभडक नाही, आणि हिवाळ्यात तिची पानं झडतात.

दुसऱ्या देशांतल्या वाचकांसाठी दोन शब्द. अमेरिकेच्या दक्षिण-पूर्वेकडच्या राज्यांत आणि पश्चिम किनाऱ्यावर कॅमेलिया मजेत वाढते. अलाबामाचं ते राज्यफूल आहे, आणि कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोला तर 'कॅमेलिया सिटी' म्हणतात. १९७० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या कडक हिवाळ्यांत वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममधल्या बहुतेक कॅमेलिया मेल्या. त्यानंतर विल्यम अकरमन यांनी थंडीला दाद न देणाऱ्या संकरित जाती तयार केल्या. न्यू जर्सीच्या मंडळींनी त्या शोधाव्यात. शिकागो, मिनेसोटावाल्यांनी मात्र बाहेर प्रयत्न करू नये. आणि दुबई, मस्कत, दोह्याच्या वाचकांनी तर मुळीच नाही. तिथलं ऊन आणि क्षारपड माती कॅमेलियाला मानवणार नाही. त्यांच्या दारात मोगरा, बोगनवेल, जास्वंद वाढतेच, मग कॅमेलियासाठी एसी लावून बसणं म्हणजे आमच्या रेडिएटरचाच उलटा प्रकार. मॉरिशसमध्ये आणि इस्राएलच्या किनारपट्टीला जास्वंद कुंपणालाच असते, त्यांना काय सांगावं! माझा आग्रह कॅमेलियाचा नाही. जिथे आहात तिथे जे आनंदाने जगतं, ते लावा, आणि तेच देवाला द्या.

एक चिंता मात्र अनेक आई-वडिलांकडून ऐकते. मुलांना जास्वंद कशी असते हेच कळणार नाही, मग उरलं काय? माझी मुलगी इथेच जन्मली, आता चौदा वर्षांची आहे. सांगलीला गेलो की आजीच्या अंगणातली जास्वंद तीच काढते, कळी कुठली आणि आजचं फूल कुठलं हे तिला बरोबर कळतं. आणि फेब्रुवारीत दप्तर अडकवायच्या आधी मागच्या दारी जाऊन कॅमेलियाचं फूल तीच आणते. एकीमुळे दुसरी पुसली गेली, असं मला दिसलं नाही. खिडकीत दर वर्षी मरणारं झाड बघून मात्र ती काय शिकली असती, याचा विचार करते. आपली गोष्ट इथे जगत नाही, हेच ना?

आई आता एकोणऐंशी वर्षांची आहे, सांगलीला भावाकडे असते. इतका लांबचा प्रवास आता तिला झेपणार नाही, म्हणजे हे झाड ती प्रत्यक्ष बघणार नाही. व्हिडिओ कॉलवर दाखवलं तेव्हा तिने फुलाचं कौतुक आधी केलंच नाही. पहिलं विचारलं, "तुम्ही इकडे येता तेव्हा पाणी कोण घालतं?" शेजारच्या बाई घालतात म्हटल्यावर म्हणाली, "मग त्यांना दे की फुलं."

तर मंडळी, ऑक्टोबरात जमीन अजून ऊबदार असते, पाऊसही असतो. रोप आणा, रुंद खड्डा खणा, खोल लावू नका. घर पुढे विकायची वेळ आलीच, तर किल्ल्या देताना नव्या माणसाला एवढं सांगायचं, की जुलै-ऑगस्टमध्ये हिला पाणी कमी पडू देऊ नका.